जागा घेताय किंवा बांधताय? झोनच्या बाबतीत या चुका टाळा

"येलो झोन, डीपी रोड टच, ७/१२ क्लिअर." म्हणजे रहिवासी विभाग, विकास आराखड्यातल्या रस्त्याला लागून आणि उतारा स्वच्छ. प्लॉटच्या जाहिरातीत एवढं वाचलं की निम्म्या लोकांचं समाधान होतं आणि टोकन देऊन मोकळे होतात. महाराष्ट्रात शहरात किंवा शहराला लागून जागा घेणारे सगळ्यात जास्त इथेच फसतात, कारण या तिन्हीपैकी एकाही गोष्टीवरून तुमच्या तुकड्यावर नक्की काय आणि किती बांधता येईल ते कळत नाही.

७/१२ हा महसूल खात्याचा कागद आहे. झोन ठरतो तो विकास आराखड्यात, म्हणजे १९६६ च्या एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना) कायद्याखाली झालेल्या डीपीमध्ये. खाती वेगळी, रेकॉर्ड वेगळं, त्यामुळे ७/१२ वर आरक्षणाचा (शाळा, बाग अशा सार्वजनिक कामासाठी जागा राखून ठेवल्याचा) किंवा प्रस्तावित रस्त्याचा उल्लेख दिसला नाही म्हणून जागा मोकळी आहे असं धरून चालू नका. एनएचंही (बिगरशेती परवानगीचंही) तेच, जुनी एनए ऑर्डर हातात असली तरी आज बांधकाम परवानगी मागायला गेलात की आजचा डीपी काय म्हणतो तेच आधी बघितलं जाणार.

मग बघायचं काय? तर महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि सोबत भाग नकाशा (डीपी नकाशाचा तुमच्या जागेपुरता भाग) काढा. नुसता दाखला नको, नकाशा पाहिजेच, कारण दाखला मिळतो अख्ख्या गट नंबरचा किंवा सर्व्हे नंबरचा आणि तुम्ही घेताय त्यातला छोटा तुकडा. दाखल्यात साधारण असं लिहिलेलं असतं की सदर गट अंशतः रहिवास विभागात असून अंशतः १८ मी. रुंद विकास योजना रस्त्याने बाधित आहे. एजंट पहिला अर्धा भाग वाचून दाखवतो. आता तो रस्ता नेमका कुणाच्या प्लॉटवरून जातोय हे दाखल्यावरून कळणार नाही, त्यासाठी भूमी अभिलेखची मोजणी आणि तो मोजणी नकाशा डीपीच्या नकाशावर बसवून बघायला लागतो, आर्किटेक्ट हे काम करून देतात. थोडा खर्च होतो पण माझ्या मते हा एकच खर्च असा आहे की ज्यात काटकसर करू नये. मोबाईलवर नकाशाचा फोटो झूम करून "आपला प्लॉट इथे कुठेतरी येतो" असं ठरवणारे खूप आहेत, त्यातले काही नंतर रस्त्याच्या मधोमध निघतात.

आणि नकाशा कुठला बघताय तेही विचारा. जुना मंजूर डीपी चालू असतो आणि तोवर सुधारित डीपीचा मसुदा जाहीर झालेला असतो, लोक म्हणतात मसुदाच आहे, बघू नंतर. पण मसुदा जाहीर झाला की परवानगी देताना तोही विचारात घ्यावा लागतो, एमआरटीपी कायद्याचं कलम ४६ तसंच सांगतं (पुढची कलमंही याच कायद्यातली). शिवाय शासन कधी कधी डीपीचा बराचसा भाग मंजूर करतं आणि काही भाग वगळून मागे ठेवतं, त्याला ईपी (एक्स्क्लुडेड पार्ट) म्हणतात. तुमची जागा ईपीत अडकली असेल तर तिचा निर्णय वेगळा येतो, हे दाखला देणाऱ्या टेबलावरच विचारून घ्या. मसुद्यात तुमच्या जागेवर आरक्षण पडलं असेल तर दिलेल्या मुदतीत लेखी हरकत टाका आणि पोच घ्या, नगरसेवकाला तोंडी सांगणं म्हणजे हरकत नव्हे.

बरं, झोन रहिवासी निघाला. तरी किती बांधता येईल हे समोरच्या रस्त्यावर ठरतं. मुंबई महापालिका, एमआयडीसी, काही हिल स्टेशन वगैरे सोडून जवळपास सगळ्या राज्याला डिसेंबर २०२० पासून युडीसीपीआर ही एकच बांधकाम नियमावली लागू आहे (मुंबईला वेगळी, डीसीपीआर २०३४). त्यात महापालिका हद्दीत गावठाणाबाहेर रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर मूळ १.१ एफएसआयवर (म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या १.१ पट बांधकामावर) प्रीमियम एफएसआय (शुल्क भरून मिळणारं जादा बांधकाम) किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकाम हक्क) चढवता येत नाही. साडेसात मीटरच्या गल्लीत प्लॉट घेऊन चार मजल्यांचा हिशोब मांडणाऱ्यांनी हे आधी बघावं. खाली दुकान काढायचंय, क्लास किंवा दवाखाना टाकायचाय, तिथेही रस्त्याची रुंदी बघतात.

दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला परवानगीच लागत नाही असा एक मेसेज फिरत असतो. अर्धवट आहे तो. लहान प्लॉटला प्रक्रिया सोपी केलीय, पण नकाशा आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनिअरमार्फत दाखल करायचा, शुल्क भरायचं, पोच घ्यायची आणि मार्जिन (चारी बाजूंची मोकळी जागा) सोडूनच बांधायचं, नियम माफ झालेले नाहीत.

नदी-ओढ्याजवळ असाल तर पूररेषा बघा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवीन घराचा विषयच सोडा, दोन्हींच्या मध्ये अटींवर परवानगी मिळू शकते.

"शेजाऱ्यानं बांधलंय की, आणि त्याची घरपट्टी पण चालू आहे!" हे तर ठरलेलं. घरपट्टी लागली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, महापालिका अनधिकृत बांधकामालाही कर लावते, वरून शास्ती, म्हणजे दंड, लावते.

आता आधीच अडकला असाल तर. अनधिकृत बांधकामाबद्दल कलम ५३ ची नोटीस आली असेल तर ती बाजूला ठेवू नका, नोटिशीत दिलेल्या मुदतीत बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम ४४ खाली अर्ज करता येतो. अर्थात जे नियमात बसतं तेवढंच वाचतं, आरक्षणावरचं किंवा रस्त्यातलं नाही. झोन बदलून देतो म्हणून कुणी पैसे मागत असेल तर एवढं लक्षात घ्या की डीपीत फेरबदल कलम ३७ नेच होतो, हरकती-सूचना मागवून आणि शेवटी शासनाच्या मंजुरीने, कुठलाही एजंट तो परस्पर करून देऊ शकत नाही.

आणि जागा वर्षानुवर्षं आरक्षणात पडून असेल, ना ताब्यात घेतात ना सोडतात, तर अंतिम डीपी अंमलात येऊन १० वर्षं झाल्यावर कलम १२७ ची खरेदी सूचना (जागा संपादन करा नाहीतर आरक्षण सोडा अशी लेखी नोटीस) देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठी पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. सूचनेसोबत मालकीचे कागद जोडलेले पाहिजेत, तिथे कमी पडलात तर मुदत सुरूच झाली नाही असा वाद निघतो, म्हणून ही सूचना वकिलाकडूनच काढून घ्या आणि पोच जपून ठेवा.