फाटलेले पान सांधण्याआधी शाई तपासा

जुन्या ग्रंथाचे फाटलेले पान जपानी टिश्यू कागद (लांब तंतूंचा, पातळ पण मजबूत कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरून सांधले जाते, कारण ही खळ पुढे गरज पडल्यास ओलाव्याने सोडवता येते. मात्र त्याआधी शाई पाण्याने सुटते का, हे पाहावे. अक्षराच्या कडेवर पाण्याचा सूक्ष्म थेंब ठेवून काही सेकंदांनी तो टिपकागदाने टिपावा. रंग उतरला, तर ओली खळ वापरू नये. माजूफळ आणि लोहक्षारापासून केलेल्या शाईबाबत रंग न उतरणेही पुरेसे नाही, कारण ओलाव्याबरोबर तिच्यातील विद्राव्य लोह भोवतालच्या कागदात पसरते व तेथील तंतू ठिसूळ करते. अशा पानांसाठी आधीच जिलेटिन लावून वाळवलेला टिश्यू जेमतेम दमट करून वापरणे मला अधिक सुरक्षित वाटते. टिश्यूची पट्टी कात्रीने न कापता पाण्याची रेघ ओढून हाताने फाडावी, म्हणजे कडेचे मोकळे तंतू मूळ कागदात मिसळतात. खळ अगदी कमी लागते (नवशिक्याची चूक बहुधा येथेच होते). जोड पॉलिएस्टरचे न विणलेले कापड आणि टिपकागद यांमध्ये ठेवून वजनाखाली पूर्ण वाळू द्यावा.