टाके घेऊन घरी आलात? जखम अशी सांभाळा

मी बेळगावात सर्जिकल वॉर्डात सिस्टर आहे. खानापूर, निपाणीकडचा पेशंट घरी निघाला की सांगते, डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असतं. कुठली गोळी कधी, ते मराठीत लिहूनच घ्या.

जखमेला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा. हळद, राख, खोबरेल काही लावू नका, आजीने कितीही आग्रह केला तरी. रोज उजेडात नीट बघा. लाली पसरतेय, कड गरम लागतेय, पू किंवा वास येतोय, ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेलाय? त्याच दिवशी दाखवा. टाके काढले म्हणून निर्धास्त राहू नका; जंतुसंसर्ग महिनाभरात कधीही होऊ शकतो, रॉड-प्लेट बसवली असेल तर त्यानंतरही.

ऑपरेशननंतर पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणून एकाच पायाची पोटरी सुजून दुखली तर चोळू नका, लगेच दवाखाना गाठा. अचानक दम लागला, छातीत दुखलं तर थेट १०८ला फोन.