पुढचा रोल टँकमध्ये जाण्याआधी

घरी टँक नावाच्या बंद डब्यात ब्लॅक-अँड-व्हाइट फिल्म धुतली आणि निगेटिव्हवर डाग, पट्टा किंवा धुरकटपणा दिसला की पहिला संशय डेव्हलपरवर (फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या द्रावणावर) जातो आणि नवी बाटली मागवली जाते. थोडं थांबा. बिघडलेला रोल खिडकीच्या उजेडात धरा आणि दोष नेमका कुठे आहे ते बघा, कारण पुढच्या रोलची तयारी त्यावरूनच ठरते. आधी कडेचे आकडे वाचा. ते कारखान्यातच उमटवलेले असतात पण रोल धुतल्यावरच दिसतात, तुमच्या कॅमेऱ्याशी त्यांचा संबंध नाही. आकडे ठसठशीत आणि फ्रेम कोऱ्या असतील तर रोल नीट धुतला गेलाय. फिल्म कॅमेऱ्यात सरकली नाही किंवा शटर उघडलं नाही. आकडेसुद्धा नसतील तर डेव्हलपर संपलेला होता किंवा फिक्सर (चित्र पक्कं करणारं द्रावण) आधी ओतला गेला. म्हणून बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत नाव आणि तारीख लिहून त्या वापरायच्या क्रमाने मांडा. काळपटपणा फ्रेम ओलांडून छिद्रांच्या पट्टीपर्यंत गेला असेल तर उजेड कॅमेऱ्याच्या मागच्या दारातून, कॅसेटमधून नाहीतर चेंजिंग बॅगमधून (अंधारात फिल्म हाताळायच्या काळ्या पिशवीतून) शिरलाय. दाराचा जुना फोम बोटाला चिकटत असेल तर आधी तो बदला.

आता उन्हाचं. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. पुस्तकं सांगतात २० अंश. तो हट्ट इथे सोडावा असं माझं स्पष्ट मत आहे. २४ अंश धरा, पण डेव्हलपरपासून शेवटच्या धुण्याच्या पाण्यापर्यंत सगळं २४ वरच ठेवा. वेळ मात्र कमी करावी लागते: इल्फर्ड या फिल्म कंपनीच्या तक्त्यात २० अंशांना ४ मिनिटं लागणारं काम २३ अंशांना ३ मिनिटांत होतं. वेळ ५ मिनिटांखाली आली तर डेव्हलपिंग एकसारखं होत नाही, म्हणून उन्हाळ्यात पातळ द्रावण घ्यावं. त्यांच्या एचपी-५ प्लस फिल्मला आयडी-११ या डेव्हलपरच्या मूळ द्रावणात २० अंशांना साडेसात मिनिटं लागतात, तेवढंच पाणी मिसळलं की १३. त्यातून उन्हाळ्याची वजाबाकी केली तरी पुरेसा वेळ हातात राहतो.

पाणी आदल्या रात्रीच माठात भरून ठेवा. आपल्या कोरड्या हवेत माठ छान काम करतो. सकाळी त्यात थर्मामीटर बुडवून बघा, आणि बाटल्या त्याच पाण्याच्या टबात अर्धा तास उभ्या करा. बर्फ लागला तर बंद पिशवीत घालून टबात सोडा, डेव्हलपरमध्ये कधीच नाही. सगळ्यात मोठी चूक शेवटी होते. डेव्हलपर, फिक्सर जपून थंड केलेले असतात आणि मग टँक सरळ नळाखाली धरला जातो. थंड द्रावणातून निघालेलं फिल्मवरचं फुगलेलं जिलेटिन तापलेल्या पाण्यात गेलं की त्यावर बारीक जाळीदार सुरकुत्या पडतात, आणि त्या परत जात नाहीत. धुण्याचं पाणीही माठातलंच घ्या. फिक्सर हार्डनर (फिल्मचा थर कडक करणारं रसायन) नसलेला असेल तर वाहतं पाणी लागतच नाही: टँक भरून ५ वेळा उलटा-सुलटा करा, पाणी बदलून १० वेळा, पुन्हा बदलून २० वेळा. पाणी चार दिवसांआड येणाऱ्या गावात ही पद्धत फार मोलाची आहे.

हायपोचे, म्हणजे फिक्सरमधल्या मुख्य रसायनाचे, खडे आणून घरी फिक्सर करत असाल तर आणखी एक गोष्ट. हायपो विरघळताना पाणी एकदम गार पडतं. त्यामुळे फिक्सर आदल्या दिवशीच करून ठेवा. जानेवारीत गणित उलटं होतं. पहाटेच्या गार पाण्यात डेव्हलपरमधलं हायड्रोक्विनोन जवळपास कामच करत नाही, म्हणून हिवाळ्यातले रोल फिके निघतात. तेव्हा टबात गरम पाणी.

चाळीसगावात राहून टेबल-टॉप छायाचित्रणात नाव कमावणारे केकी मूस याच मुलखातले. हे काम आपल्या हवेत होत नाही, असं कुणी म्हटलं की मला त्यांची आठवण येते.

बोअरचं पाणी जड असतं. डेव्हलपर त्यात कालवला की गढूळ होतो आणि फिल्म वाळल्यावर पांढरे ओघळ दिसतात. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर डेव्हलपरसाठी आणि शेवटच्या बुडवणीसाठी आणून ठेवा. शेवटच्या पाण्यात फोटो-फ्लो (फिल्मवर थेंब साचू न देणारं द्रावण) २०० भागांना एक भाग, त्याहून जास्त नको, नाहीतर त्याचेच डाग पडतात. ओघळ पडलेच तर फिल्म पुन्हा डिस्टिल्ड पाण्यात भिजवून वाळवा, बहुतेक वेळा ते निघतात.

दुधाळ दिसणारी निगेटिव्ह फेकू नका. ती फिक्स व्हायची राहिली आहे, ताज्या फिक्सरमध्ये घातली की सुधारते. दर वेळी फिल्मचा कापलेला जिभेसारखा तुकडा आधी उजेडातच फिक्सरमध्ये टाका, किती वेळात पारदर्शक होतो ते बघा आणि त्याच्या दुप्पट वेळ रोलला द्या. ताज्या फिक्सरपेक्षा दुप्पट वेळ लागू लागला की तो फिक्सर संपला.

बाकीचं भराभर सांगतो. लहान, गोल, पारदर्शक ठिपके म्हणजे हवेचे बुडबुडे. ओतल्याबरोबर टँक ओट्यावर दोन-तीनदा आपटा. एका कडेला लांबलचक फिका पट्टा म्हणजे द्रावण कमी पडलं. पॅटरसन कंपनीच्या टँकला ३५ मिमीच्या एका रोलसाठी २९० मिली लागतं. छिद्रांपासून आत गेलेल्या रेघा म्हणजे टँक फार जोरात हलवला. दर मिनिटाच्या सुरुवातीला १० सेकंदांत ४ वेळा सावकाश उलटा करणं पुरतं. चंद्रकोरीच्या आकाराचे डाग म्हणजे रिळावर चढवताना फिल्म दुमडली. चेंजिंग बॅगमध्ये हात घामेजले की फिल्म प्लॅस्टिकच्या रिळावर अडकते आणि मग जोर लावला जातो. रीळ पूर्ण कोरडं हवं, आणि हे काम भल्या पहाटे करा, भर दुपारी नको.

वाळवायची जागा आधीच ठरवा. कूलर बंद, पंखा बंद, खिडकी लावलेली. न्हाणीघरात गरम पाण्याची बादली ओतून वाफेने धूळ खाली बसू द्या, मग फिल्म टांगा आणि खाली चिमटा लावा. जिनिंग सुरू असतानाच्या दिवसांत कापसाचे तंतू घरभर उडतात, तेव्हा तर दार उघडूच नका. ओल्या फिल्मवर रबरी पुसणी ओढू नका. एक खडा अडकला तर ३६ फ्रेमवर सलग ओरखडा जातो.

हे सगळं जमून आलं तरी कानबाईच्या मिरवणुकीचा किंवा घरच्या लग्नाचा रोल पहिला घालू नका. त्याच जातीच्या दुसऱ्या रोलवर अंगणात पाच-सहा फोटो काढा, चेंजिंग बॅगमध्ये तेवढीच फिल्म कापून घ्या आणि आधी ती धुवा.