ठाणे परत मिळाले असते का? युद्धातील ‘जर-तर’ मांडण्याची रीत

ठाण्यात इतिहासाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतलेला ठाण्याचा किल्ला १७७४ च्या डिसेंबरअखेर मुंबईकर इंग्रजांनी जिंकला. पुढे चारच वर्षांनी, १७७९ च्या जानेवारीत, त्याच इंग्रजांची फौज मावळात वडगावला कोंडली गेली आणि तिच्या कारभाऱ्यांनी साष्टीसह, म्हणजे ठाणे ज्या बेटावर आहे त्या बेटासह, ठाणे परत देण्याचे लिहून दिले. तरीही ठाणे परत आले नाही, आणि पहिले इंग्रज-मराठा युद्ध १७८२ मध्ये सालबाईच्या तहाने संपले तेव्हा साष्टी इंग्रजांकडेच राहिली. मग वडगावला वेगळा निर्णय झाला असता तर काय झाले असते?

हा प्रश्न रिकामपणाचा उद्योग आहे असे मी मानत नाही. एखाद्या निर्णयाचे वजन किती होते हे समजण्यासाठी त्याच्या जागी दुसरा निर्णय ठेवून पाहण्यावाचून दुसरा मार्ग नाही. मात्र बहुतेक वेळा तो अशा तऱ्हेने विचारला जातो की उत्तर निघूच शकत नाही. कोणी म्हणतो, ‘ती फौज तिथेच कापून काढायला हवी होती’, कोणी म्हणतो, ‘मराठ्यांत एकी असती तर’, आणि विषय तिथेच संपतो. म्हणून वडगावचेच उदाहरण घेऊन हा विचार शिस्तीने कसा करावा, ते येथे सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे प्रश्न एका माणसाच्या एका दिवशीच्या निर्णयापर्यंत आणावा. ‘एकी असती तर’ हा निर्णय नव्हे. कोणत्याही एका सकाळी उठून कोणीही एकी करू शकत नव्हते. त्याचप्रमाणे योगायोग आणि निर्णय यांची गल्लत करू नये. इंग्रजांचा कॅप्टन जेम्स स्टुअर्ट, ज्याला मराठ्यांनीच ‘इष्टुर फाकडा’ म्हटले, तो ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ पडला. तो जगला असता तर इंग्रजांची हिंमत टिकली असती, असे म्हणता येईल. पण तोफेचा गोळा कोठे पडावा हे कोणाच्या मसलतीत ठरत नाही, त्यामुळे त्या वाटेने विचार केल्यास हाती काही लागत नाही. याउलट, ‘तहावर सह्या झाल्यानंतर, फौज घाटाखाली सोडण्याआधी, मराठ्यांनी ठाण्याचा प्रत्यक्ष ताबा मागितला असता तर?’ हा प्रश्न धरण्याजोगा आहे. मागणारा ठाऊक आहे, दिवस ठाऊक आहेत, आणि मागण्याची ताकद त्या दिवशी त्याच्या हातात होती.

प्रश्न ठरला की आलेखाच्या कागदावर दिवसांचा तक्ता करावा. यात आळस करू नये, कारण अर्धे काम येथेच होते. आडव्या ओळीत तारखा घ्याव्यात आणि खाली प्रत्येक पक्षासाठी एक ओळ ठेवावी: मुंबईची फौज, मराठी फौजा, मुंबईचे गव्हर्नर विल्यम हॉर्नबी व त्यांचे मंडळ, आणि बंगालहून निघालेली कर्नल गॉडर्डची पलटण. या चौथ्या ओळीचा विसर सर्वांना पडतो, आणि उत्तर तर तिच्यातच दडलेले आहे. मूळ मराठी पत्रांवर तारीख नसून तिथी आणि शुहूर सन, म्हणजे पेशवाईच्या दप्तरात चालणारे साल, असतो. ‘तिसा सबैन’ (अरबीत एकोणऐंशी) असे दिसले की ते ११७९ वे शुहूर वर्ष, म्हणजे मृगापासून मृगापर्यंत मोजलेले १७७८-७९ चे साल, हे ध्यानात ठेवावे. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी छापलेली पटवर्धन सरदारांची पत्रे अशा कामाला फार उपयोगी पडतात, कारण ती पुढचा शेवट ठाऊक नसताना लिहिलेली आहेत. बखरकाराला शेवट ठाऊक असतो आणि त्याचे प्रत्येक वाक्य त्या शेवटाकडे वळते. ठाण्याच्या रहिवाशांनी १८९३ पासून चालत आलेल्या आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन अशा साधनांची चौकशी करून पाहावी.

तक्ता भरू लागले की चित्र असे दिसते. १७७८ च्या नोव्हेंबरअखेर इंग्रजांची पुढची तुकडी पनवेलवरून जाऊन बोरघाटाच्या माथ्यावर पोचली होती. मुख्य फौज, म्हणजे सुमारे ३,९०० माणसे आणि त्यांच्याबरोबर १९,००० च्या वर बैल, खंडाळ्याला पोचायला २३ डिसेंबर उजाडला. तेथून कार्ले आठ मैल. त्याला अकरा दिवस लागले. ९ जानेवारीला ती तळेगावला आली तेव्हा मराठ्यांनी गाव आधीच जाळून ओस पाडले होते. पुणे तेथून साधारण १८ मैलांवर राहिले होते आणि फौजेजवळ १८ दिवस पुरेल इतका दाणागोटा होता. अशा स्थितीत ११ जानेवारीच्या रात्री तिच्या कारभाऱ्यांच्या समितीने मोठ्या तोफा तळ्यात लोटल्या, सामान जाळले आणि माघार घेतली. पहाटेपर्यंत ती मराठ्यांच्या गराड्यात सापडली आणि साडेतीनशेच्या घरात माणसे गमावून वडगावला अडकून पडली.

कागदावरचे हे अंतर एकदा पायाखाली घालावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ठाण्याहून लोणावळ्याला जाऊन पुण्याची लोकल धरली की मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव आणि मग तळेगाव येते. वडगाव आणि तळेगाव ही लागोपाठची स्टेशने आहेत. रात्रभर चाललेल्या त्या माघारीत इंग्रज फौज आजच्या हिशेबाने एका स्टेशनाचे अंतर तोडू शकली, हे डब्याच्या दारातून पाहिल्यावर जे कळते ते नकाशावर बोट फिरवून कळत नाही. मी मळवलीला उतरून कार्ल्याच्या बाजूच्या शेतांतून चाललो, तेव्हा दोन्ही अंगांनी चालून आलेले डोंगर पाहूनच समजले की इतक्या बैलांना घेऊन येथून जाणाऱ्या फौजेला बाजूने त्रास देणे किती सोपे होते. ‘इंग्रजांनी झपाट्याने पुणे गाठले असते तर’ हा दुसरा आवडता जर-तर येथेच ढिला पडतो: बैलांचा तो तांडा टाकल्याशिवाय झपाटा शक्य नव्हता, आणि तांडा टाकावा तर पुढे जळालेल्या गावांत खायला काही नव्हते.

यानंतरचा भाग सर्वांत नाजूक आहे. निर्णय घेणाऱ्याला त्या दिवशी काय ठाऊक होते, एवढेच त्याच्या पदरात टाकावे. आपल्याला पुढे कळलेले काहीही त्याला देऊ नये. वडगावच्या बाबतीत हे तपासायची संधी फार चांगली आहे, कारण बोलणी करायला आलेल्या फार्मर नावाच्या अधिकाऱ्याने महादजी शिंद्यांना स्वच्छ सांगितले होते की बंगालच्या वरिष्ठ सरकारच्या संमतीवाचून तह करण्याचा आपल्या समितीला अधिकार नाही. त्यावर महादजींचा सवाल असा होता की, मग १७७६ चा, इंग्रजांनी पुणे दरबाराशी केलेला पुरंदरचा तह मोडायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला होता? उत्तर बिनतोड होते, पण आपल्या कामासाठी त्यातून दुसरीच गोष्ट सिद्ध होते. हा तह पुढे नाकारला जाऊ शकतो, हे मराठ्यांना सह्या होण्याआधीच ऐकवले गेले होते. त्यांनी दोन अधिकारी ओलीसही ठेवून घेतले, म्हणजे शंका त्यांच्या मनात होती. तेव्हा ‘ताबा आधी, सुटका नंतर’ हा पर्याय आपण आज त्यांच्या डोक्यात घालतो आहोत असे नाही. तो त्यांच्या हाताशी होता आणि त्याचे सौम्य रूप त्यांनी वापरलेही.

मग तो पुरता का वापरला नाही? येथे हेतूंचा विचार करावा, आणि तो कोणाला दोष देण्यासाठी नव्हे. इंग्रजांच्या बळावर पेशवेपद मागणारे रघुनाथराव महादजींना ताब्यात हवे होते, ते मिळाले. शिवाय समितीने त्यांना भरुच देण्याचे खासगी वचन दिले होते. त्यांचे राजकारण उत्तरेकडे पसरलेले होते आणि इंग्रजांशी बोलणी आपल्यामार्फत चालावीत, यात त्यांचा लाभ होता. साष्टीचे दुःख पुण्याला आणि कोकणाला होते. ग्वाल्हेर-उज्जैनकडे पाहणाऱ्या सरदाराला ते तितके नसावे, असे माझे मत आहे. आपल्या जर-तरमध्ये महादजींनी ठाण्यासाठी फौज अडकवून ठेवावी असे म्हणायचे असेल, तर त्यांना तसे का वाटावे हेही सांगता आले पाहिजे. पुणे दरबाराने भरुचच्या वचनाहून मोठे काही त्यांच्यापुढे ठेवले असते तर तसे घडू शकले असते; एवढी एक जोड मी मान्य करतो, आणि त्याहून अधिक काही बदलत नाही. एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या की कशाने काय झाले ते कळेनासे होते.

आता तक्त्यावर पुढे चालावे, आणि प्रत्येक दिवशी शत्रूलाही विचार करू द्यावा. फौज वडगावला अडकलेली आहे. तिचा दाणागोटा तळेगावला जळालेला आहे, म्हणजे तिला जगवायचे तर मराठ्यांनीच खायला घालायचे. हॉर्नबीपुढे पेच आहे: मुंबईच्या लढाऊ फौजेचा मोठा भाग मावळात कैद आहे आणि मोबदल्यात ठाण्याच्या किल्ल्या मागितल्या जात आहेत. प्रत्यक्षात समितीने घाट उतरताच पहिले काम केले ते हे, की गॉडर्डला थांबण्याचा जो हुकूम तहाप्रमाणे धाडला होता तो स्थगित केला. आणि मुंबईने तह अमान्य केला. आपल्या कल्पित वाटेत समिती घाट उतरत नाही, तेव्हा तो स्थगितीचा कागद निघत नाही. पण गॉडर्ड त्या हुकुमाने थांबला असताच असेही नव्हे, कारण तो बंगालचा अधिकारी होता. तो तेव्हा नर्मदेच्या खोऱ्यात होता. ३० जानेवारीला बुऱ्हाणपूर आणि २६ फेब्रुवारीच्या सुमारास सुरत, असा तो झपाट्याने आला. म्हणजे मराठ्यांना मिळालेली मुदत जेमतेम सहा आठवड्यांची. हॉर्नबी घासाघीस करत हे आठवडे काढील, असेच मला वाटते. ‘फौज कापून काढली असती तर’ हा पर्याय याच ठिकाणी सर्वांत दुबळा ठरतो, कारण मेलेल्या फौजेच्या बदल्यात हॉर्नबीकडून काहीच मागता येत नाही आणि गॉडर्ड तर येतच असतो.

येथवर आल्यावर पुष्कळजण थांबतात. मी एक पाऊल आणखी टाकायला सांगेन: प्रत्यक्ष इतिहासात आपल्या कल्पनेचे जुळे भावंड सापडते का ते पाहावे. ठाण्याला असे भावंड आहे, आणि ते म्हणजे साष्टीच्या खाडीपलीकडची वसई. १७७५ च्या सुरतच्या तहात इंग्रजांनी रघुनाथरावांकडून साष्टी आणि वसई दोन्ही मागून घेतल्या होत्या. हाव दोन्हींची सारखीच होती. परंतु १७७६ मध्ये पुरंदरचा तह झाला तेव्हा साष्टी त्यांच्या हातात होती आणि वसई मराठ्यांच्या. पुढे १७८० च्या डिसेंबरात गॉडर्डने वसई वेढा घालून जिंकली. आणि सालबाईला काय ठरले? पुरंदरनंतर जिंकलेला मुलूख इंग्रजांनी परत करावा, आधीचा ठेवावा. वसई परत आली. साष्टी आली नाही.

ठाणे १७७९ च्या फेब्रुवारीत मराठ्यांच्या ताब्यात आले असते, तर १७८० मध्ये गॉडर्डने ते पुन्हा घेतले असते असे धरून चालायला हरकत नाही. वसईचा कोट जिथे टिकला नाही तिथे ठाण्याचा टिकणे कठीण. पण मग सालबाईच्या मेजावर ठाणे वसईच्या ओळीत बसले असते. मुंबईच्या तोंडाशी असलेल्या साष्टीसाठी इंग्रजांनी अधिक ताणून धरले असते, ही हरकत खरी आहे आणि ती लिहून ठेवली पाहिजे.

निष्कर्ष लिहिताना क्रियापद तोलून वापरावे. त्यासाठी मराठीने आपल्याला पुरेशी साधने दिली आहेत. ‘मिळाले असते’, ‘मिळू शकले असते’ आणि ‘मिळण्याची वाट उघडी राहिली असती’ ही तीन वेगळी विधाने आहेत, आणि प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो. माझ्या तक्त्याखाली मी लिहिलेले वाक्य असे आहे: ‘वडगावला फौज सोडण्याआधी ताबा मागितला असता, आणि हॉर्नबी सहा आठवड्यांच्या आत नमला असता, तर १७८२ मध्ये ठाणे परत मिळण्याची वाट उघडी राहिली असती.’ त्यातील दुसऱ्या ‘असता’खाली मी पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे, कारण साऱ्या वाक्याचा भार त्या एका शब्दावर आहे.