रंगकाम काढताय? घरात रांगतं मूल असेल तर आधी खिडक्या बघा

दिवाळीआधी रंग काढताना सगळ्यांचं लक्ष भिंतींकडे असतं, पण शिशाचा (लेड या विषारी धातूचा) खरा धोका जुन्या लाकडी खिडक्या-दारांवरच्या ऑइलपेंटमध्ये असतो. घरगुती रंगात 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा) जास्त शिसं नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीचा ऑइलपेंट, त्यातही पिवळा, लाल किंवा हिरवा, शिशाचाच धरून चाला. पावसाळ्यात फुगलेली खिडकी चौकटीला घासते आणि दर उघडझापीला रंगाची भुकटी खाली पडते. गज धरून उभं राहणारं मूल नेमका तिथेच हात टेकवतं आणि मग तोच हात तोंडात घालतं. मोठ्यांच्या पोटातून शिसं थोडंच रक्तात उतरतं. मुलांच्या बाबतीत निम्म्यापर्यंत.

रंग घट्ट असेल तर खरवडू नका, वरून नवा हात द्या. घासणारी कड मात्र ओली करून तासून घ्या.

पोपडे सुटले असतील, तर काम संपून सफाई होईपर्यंत मूल आणि गरोदर बाई दुसऱ्या घरी राहू द्या. गाद्या, खेळणी, भांडी बाहेर काढा. जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरून कडा चिकटपट्टीने बंद करा. फवारणीच्या बाटलीने रंग भिजवत ओलाच खरवडा आणि वॉटर पेपर पाण्यातच वापरा. कोरडा पॉलिश पेपर किंवा मशीन लावलं की काम लवकर उरकतं, म्हणून कारागीर तेच काढतील. इथे मात्र अडून बसा. रंग जाळून काढायचा ब्लोलॅम्प तर अजिबात नको, त्याने शिशाचा धूर होतो.

झाडू मारू नका. बारीक धूळ उडून पुन्हा बसते. ओले पोपडे प्लास्टिकमध्येच गुंडाळा. मग पुसायला दोन बादल्या घ्या: एकीत साबणाचं पाणी, दुसरीत फडकं पिळायला साधं. पाणी वरचेवर बदला, शेवटी फडकी टाकून द्या. कामाचे कपडे वेगळे धुवा.

रंगाखेरीज देवाचा शेंदूर (बहुतेकदा तो शिशाचाच ऑक्साइड असतो), सुरमा आणि नागभस्म (शिशाचं आयुर्वेदिक भस्म) मुलापासून लांब ठेवा. हळकुंडं पिवळीधमक, चकचकीत दिसली तर घेऊ नका. त्यांना लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, चोळलेला असू शकतो.

मूल पोपडे खाताना दिसलं, तर लक्षणांची वाट पाहू नका, ती बहुधा दिसतच नाहीत. बालरोगतज्ज्ञांकडून शिरेतल्या रक्ताची शिसं-तपासणी करून घ्या. 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त आलं, तर शिसं येतंय कुठून हे शोधून ते थांबवायचं. सोबत हिमोग्लोबिनही तपासा. लोह कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं.