बीपी ‘थोडंसंच’ वाढलंय? पुन्हा मशीन लावण्याआधी या चुका टाळा

१३६/८६, १३८/८८ असे काठावरचे आकडे घेऊन माणसं येतात आणि पहिलाच प्रश्न असतो, “मीठ बंद करू का?” मीठ कमी कराच, पण मोजलं कसं ते आधी सांगा. वीस वर्षं नर्सिंगमध्ये काढल्यावर माझं मत झालंय की काठावरच्या आकड्यांत बराचसा घोळ मोजण्याचा असतो. बीपी क्षणाक्षणाला हलतं, आणि ते हलवणारी मज्जासंस्था तुम्हाला विचारत बसत नाही.

लागोपाठ मोजत सुटणं

ही चूक मी स्वतः केलीय. एका रात्री डोकं जड वाटलं म्हणून घरी मोजलं, तर १४२/८८. मशीन चुकलं असेल म्हणून लगेच पुन्हा. १४९. पट्टा आवळत गेला तसे दंडात ठोके जाणवायला लागले आणि मी श्वास रोखून स्क्रीनकडे बघत बसले. १५६, नाडी ९८. मग १६३. नवरा म्हणाला, “अगं, ठेव ते मशीन!” नाही ठेवलं. पाचव्यांदा लावलं. सकाळी शांत बसून मोजलं तेव्हा १२६/८०.

भीती वाटली की सिम्पथेटिक, म्हणजे धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअॅड्रेनालिन हे रसायन सुटतं. हृदय जोरात धावतं, बारीक रोहिण्या आवळतात, दाब चढतो. याला आवर घालणारे बॅरोरिसेप्टर, म्हणजे दाब ओळखणारे संवेदक, मानेतल्या कॅरोटिड रोहिणीत आणि महारोहिणीच्या कमानीत असतात. दाब वाढला की ते मेंदूच्या बुंध्याला कळवतात आणि व्हेगस हा मज्जातंतू हृदयाचे ठोके मंद करतो. पण घाबरलेला मेंदू या लगामालाच ढील देतो. म्हणजे आकडा बघून घाबरायचं, आणि घाबरल्यामुळे पुढचा आकडा आणखी वर!

माझी सवय सांगते. फोन दुसऱ्या खोलीत. पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, वहीत लिहायचं, मशीन कपाटात. सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. ती १३५/८५ किंवा वर असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. सात दिवस दम धरवत नाही त्यांनी मोजूच नये, असं मी तोंडावर सांगते. मात्र १८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना जीभ अडखळणं किंवा एका बाजूची ताकद जाणं असं काही असेल, तर वही-बिही राहू द्या, थेट हॉस्पिटल गाठा.

“टेन्शनचं आहे, जाईल”

डॉक्टरांना बघून बीपी चढतं हे खरंच आहे. १९८३ मध्ये इटलीतल्या मान्सिया यांनी थेट रोहिणीतला दाब नोंदवून दाखवलं की डॉक्टर खाटेजवळ आले की वरचा आकडा सरासरी २७ ने वाढतो. पण याचा उलटा प्रकारही असतो: दवाखान्यात नॉर्मल, घरी जास्त. तो जास्त फसवा.

आणि ‘मज्जासंस्थेमुळे’ म्हणजे ‘मनाचे खेळ’ नव्हेत. सिम्पथेटिक यंत्रणा सतत चालू राहिली तर मूत्रपिंड दाब वाढवणारं रेनिन सोडत राहतं, रोहिण्यांच्या भिंती जाड होतात आणि बॅरोरिसेप्टर त्या चढ्या दाबालाच नॉर्मल धरून बसतात. झोपेत दाब १० ते २० टक्के उतरायला हवा. घोरताना ज्यांचा श्वास अडकतो त्यांचा बहुतेकदा तेवढा उतरत नाही, कारण प्रत्येक अडकलेल्या श्वासाला मज्जासंस्था दचकते. मी आकड्याआधी शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारते, “हे घोरतात का?”

बाकीच्या, झटपट

लघवी तुंबवून मोजणं. तुंबलेलं मूत्राशयही सिम्पथेटिकला डिवचतं.

मोजताना बोलणं. “हो, ठेवलाय हात” हेसुद्धा नको.

हात लोंबता ठेवणं. पट्टा हृदयाच्या पातळीलाच हवा, आणि बाहीवरून तर मुळीच नको.

कॉफी किंवा सिगारेटनंतर अर्ध्या तासाच्या आत मोजणं.

चोंदलेल्या नाकाची गोळी घेऊन मोजणं. तिच्यात बऱ्याचदा रोहिण्या आवळणारं औषध असतं.

मोजायच्या आधी दीर्घ श्वास घेऊन आकडा पाडणं. मिनिटाला सहा श्वास हा व्यायाम चांगला, मीही करते. पण मोजण्यापुरता केलात तर वहीत खोटा आकडा जातो.

आकडा उतरला म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करणं. क्लोनिडिन किंवा बीटा ब्लॉकर यांसारखं बीपीचं औषध एकदम सोडलं की दाबून ठेवलेली सिम्पथेटिक यंत्रणा उसळते, कधी पहिल्यापेक्षाही वर. गोळी कशी कमी करायची ते डॉक्टर सांगतील. शेजारच्यांची कमी झाली म्हणून तुमची होत नाही.