परफ्युजनला येताय? एक्मोवरच्या रात्रींबद्दल थोडं

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला. एमबीबीएस लागलं नाही म्हणून बीएस्सी परफ्युजन घेतलं, तीन वर्षं कॉलेज आणि वर्षभर इंटर्नशिप. गावात कितीही सांगा की ऑपरेशनच्या वेळी हृदयाचं काम करणारी मशीन मी चालवतो, लोक म्हणतात "म्हणजे एक्सरेवालाच ना जी?" दरवर्षी दोन-चार पोट्टे फोन करून फिल्ड कसं आहे विचारतात, त्यांच्यासाठी हे.

बायपासचं सगळं कॉलेजात शिकवतात, त्यावर मी काय सांगू. पण आपल्याकडे रात्रीचे कॉल वेगळे असतात, विष किंवा गोळ्या खाल्लेल्यांचे. घरात फवारणीचं औषध, धान्यात टाकायच्या गोळ्या, म्हाताऱ्याच्या बीपीच्या गोळ्या, आणि भांडण कधी होईल सांगता येत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात तर नुसती फवारणी करतानाच वीसच्या वर माणसं गेली.

माझी अशी पहिली केस म्हणजे एक तरुण बाई, सासऱ्याच्या बीपीच्या अ‍ॅमलोडिपिनच्या गोळ्या खाल्लेली. कॅल्शियम झालं, हाय डोस इन्सुलिन चालू, नॉरअ‍ॅड (बीपी वाढवायचं औषध) फुल, तरी बीपी हातात येईना. मग सर म्हणाले व्हीए एक्मो लावू, म्हणजे हृदय आणि फुफ्फुस दोन्हींचं काम शरीराबाहेरून करणारं मशीन. मांडीच्या शिरेतून काळपट रक्त बाहेर घ्यायचं, पंपाने ऑक्सिजनेटरमधून (रक्तात ऑक्सिजन मिसळणारा भाग) ढकलायचं आणि लालभडक झालं की मांडीच्याच धमनीतून परत आत. व्हीव्ही एक्मो वेगळं, ते फक्त फुफ्फुसाचं काम करतं, हृदय बसलं असेल तर त्याचा उपयोग नाही.

तिचा सासरा बाहेर मला विचारे, "साहेब, थे मशीन जहर काढते का जी?" नाही काढत. हे नवीन पोरांनी पहिले डोक्यात घालावं. एक्मो म्हणजे अँटिडोट (विषावरचा उतारा) नाही, औषध लिव्हर-किडनीतून जाईपर्यंत मेंदू आणि बाकी अवयवांना रक्त पुरवत राहणं, बस. अ‍ॅमलोडिपिनचं हाफ लाइफच (अर्धं औषध शरीरातून जायला लागणारा वेळ) ३० ते ५० तास, ओव्हरडोसमध्ये तर आणखी रेंगाळतं, म्हणजे काही दिवस तसेच काढावे लागतात. पण अशा पेशंटचं हृदय मुळात चांगलं असतं, नुसतं औषधाने लुळं पडलेलं, म्हणून अर्धा-पाऊण तास सीपीआर (छाती दाबणं) झालेला पेशंटही कधी कधी वाचतो.

मला तेव्हा वाटलेलं की पंपाचा फ्लो मिनिटाला साडेचार लिटर आला म्हणजे बीपी येईलच. कुठलं काय! या गोळ्यांनी रक्तवाहिन्याच ढिल्या पडतात, त्यामुळे मशीन लागूनही नॉरअ‍ॅड चालूच ठेवावं लागलं. तेवढ्यात रक्त ओढणारी लाइन (नळी) थरथरायला लागली आणि मी घाबरून आरपीएम (पंपाचा वेग) वाढवला, सिस्टरने हात धरला. लाइन थरथरते म्हणजे शिरेत ओढायला पुरेसं रक्त नाही, आरपीएम थोडा कमी करायचा आणि डॉक्टरला सांगायचं, शरीरात व्हॉल्यूम कमी आहे की कॅन्युला (शिरेत-धमनीत घातलेली नळी) सरकली ते बघायला. कॅन्युला असलेला पाय गार पडतो का तेही दर तासाला हात लावून बघा, रक्त न पोचून पाय गेलेत लोकांचे. ऑक्सिजनचं प्रोब उजव्या हाताला लावा, कारण हृदय परत चालू लागलं आणि फुफ्फुस खराब असेल तर वरच्या अर्ध्या शरीरात आणि मेंदूत कमी ऑक्सिजनचं रक्त जातं, आणि पायाचं रीडिंग मात्र मस्त दिसतं.

ती बाई सातव्या दिवशी मशीनवरून निघाली.

सगळ्या निघत नाहीत. सेल्फॉसला (त्याच धान्यात टाकायच्या गोळ्या) अँटिडोट नाही, हृदयच पकडतं, लुधियानाच्या डॉक्टरांनी एक्मो लावून काही वाचवलेत, पण ते लवकर लावलं तर. आपल्याकडे यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर. एका ठिकाणाहून पेशंट आम्हाला पोचला तेव्हा बीपी जाऊन सहा तास झाले होते, आधी कोणी फोनच केला नव्हता, त्याचा राग अजून आहे. तुमच्यातलं कोणी तालुक्याला नोकरी करणार असेल तर दोन औषधांवर बीपी येत नाही म्हटलं की लगेच एक्मो सेंटरला फोन लावायला सांगा, ते नाही म्हणाले तरी चालेल. आणि खर्च लाखांत जातो, नातेवाइकांना तो डॉक्टरांकडूनच आधी स्पष्ट कळू द्या, तुम्ही मधे आकडे सांगू नका.

हँड क्रँक (पंप हाताने फिरवायचा दांडा) डोळे मिटून फिरवता आलं पाहिजे, लाइट गेली नि बॅटरीने दगा दिला तर तेच. ऑक्सिजनेटरवर गुठळ्या दिसतात का हे टॉर्च मारूनच कळतं, म्हणून ड्युटीला निघताना टॉर्चचे सेल बघा आणि डबा आधीच खाऊन घ्या, एकदा मशीनपाशी बसलात की उठता येत नाही.